आमच्या रस्त्यावर गिनती होत नाही

त्या हिवाळ्यात आमची कंपनी उत्तर काश्मीरमध्ये होती. एक चौकी वर कड्यावर, दुसरी खाली नाल्याच्या तोंडाशी. उन्हाळ्यात या दोन चौक्यांमधली वाट सकाळी निघून जेवणाच्या वेळेपर्यंत संपायची. बर्फ पडल्यावर त्याच वाटेला अख्खा दिवस लागायचा. वरच्या चौकीवर आमचा मुक्काम तीन महिन्यांचा होता आणि तो संपत आला होता.

लान्स नाईक उत्तम राठोड आणि मी एकाच भागातले. माझं गाव सेनगाव तालुक्यात, गोरेगावच्या पुढे. त्याचा तांडा आमच्या गावाच्या नाल्यापलीकडे. तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता. हिंगोली जिल्हा नंतर झाला. आम्ही वेगवेगळ्या वर्षी भरती झालो, पण बटालियन एकच मिळाली. मी रेडिओ ऑपरेटर होतो. उत्तम रायफल कंपनीत, आणि पळण्यात कंपनीत पहिला.

पहिला होता, पण कंपन्यांच्या क्रॉस कंट्री स्पर्धेत तो शेवटी पळायचा. त्या स्पर्धेचा नियम साधा होता. कंपनीतला शेवटचा जवान रेषा ओलांडेल तीच कंपनीची वेळ. पुढे पळणाऱ्यांचा उपयोग नसे. उत्तम सगळ्यात हळू जवानाच्या मागे राहायचा, त्याच्याशी बोलत, कधी त्याला शिव्या देत. आमची कंपनी त्यामुळे दोनदा जिंकली. कप घेताना फोटोत पुढे उभा राहिलेला जवान वेगळाच होता.

सुट्टीवर गेला की तो तांड्यावरच्या आणि आमच्या गावातल्या पोरांना घेऊन गोरेगावच्या रस्त्यावर पळायचा. भरतीची तयारी करणारी पोरं होती. काही नुसतीच यायची. खाली उतरण्याच्या आदल्या संध्याकाळी बुटांना ग्रीस लावताना त्याने तोच विषय काढला.

"पेन्शनीवर गेल्यावर मी तेच करणार. पोरायला पळवीन."

"लोक म्हणतील, काहून पळून राहिले, मागं कुत्रं लागलं का?"

"लागू दे. कुत्रं बी पळंल. त्याची बी तब्येत बनंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, निघालं. जवान नऊ, पोर्टर दोन. पोर्टर म्हणजे खालच्या गावांतली माणसं; रॉकेल आणि रेशन पाठीवर वर आणायची, रिकामे कॅन खाली न्यायची. त्यातला एक वयस्क होता. दुसरा विशीतला, नाव रशीद. कंपनीने दोघांना जुने पांढरे पार्का दिले होते, आम्हा जवानांच्या अंगावर होते तसेच टोपीचे जाड कोट. तोंडावर टोपी ओढल्यावर जवान कोण आणि पोर्टर कोण, हे दहा पावलांवरून कळत नसे.

सुभेदार साहेबांनी निघताना सूचना दिल्या.

"लाइन टूटनी नहीं चाहिए. बीच-बीच में गिनती होगी. पोर्टर गिनती में नहीं हैं. कम हुए तो बड़े पत्थर के पास रुकेंगे. कोई सवाल?"

सवाल नव्हता. सुभेदार साहेब पहिले, रेडिओ घेऊन मी दुसरा. पोर्टर मध्ये. उत्तम नववा, म्हणजे शेवटचा. तिथे त्याला कोणी नेमलं नव्हतं. ती जागा त्याचीच होती.

गिनतीची पद्धत अशी. पुढचा माणूस "एक" म्हणतो, त्याच्या मागचा "दो", असं शेवटपर्यंत. शेवटच्याने "नौ" म्हटलं की "गिनती पूरी" हा शब्द तसाच माणसामाणसातून पुढे येतो. वारा असतो, वळून बघता येत नाही, म्हणून आकडा. सकाळी दोनदा गिनती झाली. दोन्ही वेळा पूर्ण.

दुपारनंतर हवा बिघडली. पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसत होती. वयस्क पोर्टर दमला होता. एकेक जवान त्याला ओलांडून पुढे जात गेला आणि दोन्ही पोर्टर सरकत सरकत रांगेच्या शेपटाला आले, आठव्या जवानाच्या मागे आणि उत्तमच्या पुढे. डोंगराच्या धारेवर म्हातारा खाली बसला. उत्तम त्याच्याजवळ थांबला. रशीदला त्याने पुढे पाठवलं. हे आम्हाला नंतर कळलं.

मोठा खडक आला तेव्हा सुभेदार साहेबांनी गिनती घेतली. मी "दो" म्हणालो. आकडा मागे गेला. आठव्या जवानाने "आठ" म्हटलं आणि मागे वळून बघितलं. मागे पांढरा पार्का होता. पार्का काही बोलला नाही. जवानाने त्याच्या खांद्यावर थाप मारली.

"बोल."

"नौ," पार्का म्हणाला.

गिनती पूरी. शब्द पुढे आला. सुभेदार साहेबांनी मला खूण केली. मी सेट उघडून अल्फाला, म्हणजे कंपनीला, हाक दिली.

"अल्फा, लिंक पेट्रोल. गिनती पूरी. पत्थर पार कर रहे हैं. ओवर."

"रॉजर. मौसम और बिगड़ेगा. रुकना मत. ओवर."

"रुकेंगे नहीं. आउट."

आम्ही थांबलो नाही. नाल्यात उतरलो तेव्हा मागे वर कुठेतरी बर्फ सुटल्याचा आवाज आला. ट्रक रिकामा करताना खडीचा येतो तसा. संध्याकाळी खालच्या चौकीच्या बंकरमध्ये टोप्या निघाल्या. नववा चेहरा रशीदचा होता.

"राठोड किधर है?" सुभेदार साहेबांनी विचारलं.

"साब, वो चाचा के साथ पीछे है. बोला, तू चल, हम आते हैं."

"तूने नौ क्यों बोला?"

"इन्होंने कहा, बोल. मैं बोल दिया."

आठवा जवान खाली बसला. रशीदला कोणी हात लावला नाही.

पाच जण लगेच परत वर निघालो. मी परवानगी मागून घेतली आणि गेलो. बर्फ सुटून नाल्याची वाट बुजली होती. अंधार पडल्यावर कंपनी कमांडरांनी रेडिओवर परत बोलावलं. दुसऱ्या दिवशी वारा पडला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दोघं सापडले, मोठ्या खडकाच्या आडोशाला. म्हणजे ठरल्या जागेपर्यंत उत्तमने म्हाताऱ्याला आणलं होतं. म्हातारा खडकाच्या बाजूला होता, उत्तम वाऱ्याच्या बाजूला. उत्तमचा पार्का म्हाताऱ्याच्या अंगावर होता.

चौकशी झाली. दोष कोणावर आला नाही. पुढे कंपनीत पोर्टरना लाल टोप्या मिळाल्या.

उत्तमला घेऊन बटालियनची माणसं तांड्यावर गेली तेव्हा मी लष्करी रुग्णालयात होतो. डाव्या पायाची दोन बोटं हिमदंशाने गेली. सुट्टी मिळाली तेव्हा आमच्याकडे ऊन तापायला लागलं होतं. घरी बॅग ठेवली आणि नाला ओलांडून तांड्यावर गेलो.

उत्तमचे वडील हरसिंग राठोड लिंबाखाली बाजेवर बसले होते. त्यांच्यामागे दारात उत्तमची आई. तिला आम्ही सगळेच याडी म्हणायचो. ती बाहेर आली नाही.

"बस, मेजर," हरसिंगबाबा म्हणाले. आमच्याकडे फौजेतल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात. मी तेव्हा नाईक होतो. "कसं झालं ते तू सांग. आलेले लोक साहेबावानी बोलले. काही कळलं न्हाई."

मी सांगितलं. वर लिहिलं आहे तेवढंच आणि त्याच क्रमाने. त्यांनी मध्ये अडवलं नाही. शेवटी विचारलं.

"नऊ निघाले व्हते."

"व्हय."

"माझा लेक कितवा?"

"नववा, बाबा."

"अन् मोजले तवा नऊ बराबर भरले."

"बराबर भरले."

पुढचं ते माझ्याकडे न बघता बोलले.

"आमच्या आज्यापंज्याचे तांडे धान्य घेऊन मुलूखभर फिरायचे. बैल लई असायचे. मुक्कामाला बैल कोणी मोजीत नसे. मोजलं तर दुसऱ्याचा बैल शिरलेला असतो अन् आपला मागं राहिलेला, अन् हिसाब बराबर येतो. नावानं हाक मारायची. ज्याचं नाव घेतलं त्यानंच मान वर करायची. माझ्या बापानं मला हे सांगितलं व्हतं. म्या उत्तमला सांगितलं न्हाई. बैल व्हतेच कुठं आता?"

याडी दारातच खाली बसली. हरसिंगबाबांनी पुढचं विचारलं.

"अन् त्याच्या संगट व्हता तो माणूस कोण?"

"पोर्टर, बाबा. आमचं सामान वाहायचा."

"नाव काय त्याचं?"

मला माहीत नव्हतं. तीन महिने तो माणूस आमच्यासाठी रॉकेल वाहत होता. आम्ही त्याला चाचा म्हणायचो.

"म्हातारा व्हता," मी म्हणालो.

"म्या नाव इचारलं."

"माहीत न्हाई, बाबा."

"माझं लेकरू ज्याच्यापायी थांबलं, त्याचं नाव बी तुमच्यापाशी न्हाई." त्यांचा आवाज चढला नव्हता. "जा. नाव घेऊन ये. तवर इकडं येऊ नको."

मी उठलो. दारातून याडी म्हणाली, "पाणी तं पिऊन जा." हरसिंगबाबांनी तिच्याकडे बघितलं. मी पाणी न पिता आलो.

पायामुळे माझी मेडिकल कॅटेगरी खाली आली. काही काळ डेपोत काढला आणि हवालदार म्हणून घरी आलो. जिल्हा तोवर हिंगोली झाला होता. बाकी गाव तसंच होतं. शेत भाऊ बघत होता आणि चांगलं बघत होता. मला तिथे काम नव्हतं. पहाटे डोळे उघडायचे, रोल कॉलची वेळ व्हायची, पण रोल कॉल नसायचा. मी कपडे करून गोरेगावच्या रस्त्यावर जाऊन उभा राहायचो.

त्या रस्त्यावर आता तांड्याचं कोणी पळत नव्हतं. उत्तमनंतर हरसिंगबाबांनी बंद केलं होतं. आमच्या गावची चार-पाच पोरं तेवढी पळायची, तीही आपापली, एकमेकांकडे न बघता. पहिली जीप अफसरची असायची. अफसर हे नाव, हुद्दा नाही; तो गोरेगावचा, सेनगाव-हिंगोली फेऱ्या मारणारा, अंगाने चांगला भरलेला. एका सकाळी त्याने माझ्याजवळ ब्रेक मारला.

"क्या मेजर, रोज सुबे इधर खड़े रैते. किसकी राह देखते?"

"कुणाची न्हाई."

"तो बैठो ना जीप में. खड़े रहने के पैसे नहीं मिलते, बैठे तो मैं तो लेऊंगा."

मी बसलो नाही. पोरं पुढे जात होती. मी त्यांच्या मागे पळायला लागलो. डावा पाय बाहेर पडायचा. पोरांनी एकदा वळून बघितलं आणि वेग कमी केला. मला ते आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो.

नाव शोधणं चालू होतं. बटालियन दुसरीकडे गेली होती. सुभेदार साहेब निवृत्त झाले होते; त्यांनाही "चाचा" एवढंच आठवत होतं. गोरेगावच्या एसटीडी बूथवरून मी जुन्या साथीदारांना फोन करायचो. एक म्हणायचा त्याला विचार, दुसरा म्हणायचा याला विचार. नाव शेवटी आठव्या जवानाने मिळवलं, ज्याने "बोल" म्हटलं होतं. त्याची बदली पुन्हा त्याच भागात झाली होती. रजेच्या दिवशी तो खालच्या गावात गेला आणि रशीदला शोधून काढलं. मग त्याने बूथच्या नंबरवर फोन केला. बूथवाल्याने मला बोलवायला माणूस पाठवला.

"लिख ले," तो म्हणाला.

"लिखना नहीं. बता."

त्याने सांगितलं. मी बूथमध्येच दोनदा मोठ्याने म्हणून बघितलं. तिथून सरळ तांड्यावर गेलो.

हरसिंगबाबा त्याच बाजेवर होते. आधीपेक्षा वाळले होते. मी उभाच राहिलो.

"अब्दुल गनी, बाबा. घर त्या नाल्याच्या खालच्या गावात. बायको हाये. दोन पोरी हायेत, एकीचं लगीन झालं."

"अब्दुल गनी," ते म्हणाले. मग दाराकडे तोंड करून जरा मोठ्याने म्हणाले, "अब्दुल गनी व्हता संगट."

याडी बाहेर आली. पितळी तांब्या माझ्या हातात दिला. मी पाणी प्यालो.

"पायाला काय झालं रं?" तिने विचारलं.

"बोटं गेली दोन."

"त्याला हुडकताना?"

"व्हय."

ती आत गेली. हरसिंगबाबांनी बाजेवर हात आपटून जागा दाखवली. मी बसलो. तेव्हा त्यांना सांगितलं की उत्तमला काय करायचं होतं. कुत्र्याचं बोलणंही सांगितलं. ते हसले नाहीत, पण मला पुन्हा सांगायला लावलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोरेगावच्या रस्त्यावरच्या पुलाजवळ ते काठी घेऊन उभे होते. त्यांच्याबरोबर तांड्याची सात-आठ पोरं आणि कविता. कविता त्यांच्या भावाची नात. तिला पोलिसात जायचं होतं.

"पळा," हरसिंगबाबा म्हणाले. "पण मोजायचं न्हाई. नावानं पळायचं."

पद्धत त्याच दिवशी ठरली. रस्त्याला जीप असतात, थंडीत धुकं असतं, रांग लांबते. म्हणून जाताना पुलाशी आणि येताना पुलाशी प्रत्येकाने आपल्या मागे कोण आहे त्याचं नाव सांगायचं. माहीत नसेल तर सगळ्यांनी थांबायचं. शेवटचं नाव झालं की सगळ्यात पुढचा विचारतो, "बराबर?" शेवटचा म्हणतो, "बराबर." मग निघायचं.

पहिल्या आठवड्यात पळणं कमी आणि थांबणं जास्त झालं.

"माझ्या मागं राठोड," आमच्या गावचं एक पोरगं म्हणालं.

"कोणता राठोड?" कविता ओरडली. "तांड्यात समदे राठोडच हायेत. तुज्या मागं धा वर्षं शाळेत बसलेला हाये तो, नाव सांग त्याचं."

त्याला सांगता आलं नाही. दोघं एकाच शाळेत शिकले होते. सगळी रांग त्याच्यासाठी उभी राहिली. नाव विचारून घेतलं, तेव्हा निघालो. महिन्याभरात गावच्या पोरांना तांड्यावरची नावं आली. पुढे घरंही माहीत झाली, कोणाची आई आजारी आहे हेही. एखादा दोन दिवस आला नाही की त्याच्या पुढे पळणारा त्याच्या घरी जायचा.

अफसरला डॉक्टरांनी साखर सांगितली. एका सकाळी तो जीप पुलाजवळ लावून खाली उतरला.

"मेरे पीछे कौन रहेगा?" त्याने विचारलं.

"तुज्या मागं कोणी राहू शकत न्हाई," हरसिंगबाबा म्हणाले. "मी सोडून."

बाबा चालायचे. तांड्यावरून पुलापर्यंत आणि परत, रांगेच्या शेवटी. त्यांच्यासाठी सगळे पुलाशी थांबायचे. बाबांचं नाव अफसर सांगायचा. बाबांच्या मागे कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी काही सांगायची गरज नव्हती. पहिल्याच दिवशी ते तरीही बोलले.

"माझ्या मागं उत्तम. त्याच्या मागं अब्दुल गनी."

कोणी मागे बघितलं नाही. पुढून "बराबर?" आलं. बाबांनी बराबर म्हटलं. तेव्हापासून रोज तसंच.

कविता पोलिसात गेली. तांड्यातले दोघं आणि गावातला एक फौजेत गेले. ज्यांची भरती झाली नाही आणि वय निघून गेलं तेही पळायला येत राहिले. त्यांना दुसरं काही सांगावं लागलं नाही. पोरांनी पत्र्याचा बोर्ड रंगवून आणला. त्यावर उत्तमचं नाव टाकावं, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. बाबांनी नको म्हटलं.

"बोर्डावर लिव्हलं की मंग तोंडानं कोणी घेत न्हाई."

बोर्डवर नुसतं "रनिंग क्लब" आहे. आता रंग गेला आहे.

हरसिंगबाबा एका उन्हाळ्यात गेले. आजार मोठा नव्हता, वय होतं. आदल्या आठवड्यापर्यंत ते पुलापर्यंत येत होते. तांड्यावर त्यांना माती देताना क्लबचे सगळे होते, अफसरने त्या दिवशी फेऱ्या मारल्या नाहीत. कविता ड्यूटीवरून गणवेशातच आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे कोणी येईल असं मला वाटलं नव्हतं. पुलाजवळ सगळे उभे होते. आम्ही निघालो. माझा पाय आता लवकर दुखतो, त्यामुळे मी शेवटी होतो. परत येताना पुलाशी नावं सुरू झाली. एकेक नाव मागे येत गेलं. माझ्या पुढे अफसर होता.

"मेरे पीछे मेजर," तो म्हणाला.

कोणी वळलं नाही.

"माझ्या मागं हरसिंगबाबा," मी म्हणालो. "त्यांच्या मागं उत्तम. उत्तमच्या मागं अब्दुल गनी."

पुढून आवाज आला.

"बराबर?"

"बराबर," मी म्हणालो.

रांग निघाली. मी शेवटी निघालो.